आजीची शिवराई आणि नोटेवरची आठवी ओळ

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ९.१०)

मागच्या महिन्यात वाईचं घर आवरायला काढलं. आजी जाऊन चार वर्षं झाली, पण देवघराला कुणी हात लावला नव्हता. टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि त्यांच्याच शेजारी तांब्याचं एक नाणं. आजी त्याला 'महाराजांचा पैसा' म्हणायची. देवांबरोबर तेही रोज ताम्हनात न्हायचं, त्यालाही गंध लागायचं. लहानपणी मला तोही एक देवच वाटायचा.

या वेळी भिंग घेऊन खिडकीपाशी बसले. नाणं पुरतं गोल नाही, एका अंगाला चेपलेलं आहे. कडेनं बारीक ठिपक्यांची माळ आहे, पण तीही अर्धीच उमटली आहे. एका बाजूला तीन ओळी आहेत. वरचा 'श्री' निम्मा नाण्याबाहेर गेला आहे. मधला 'राजा' स्वच्छ दिसतो. तिसरी ओळ गंधानं आणि वर्षानुवर्षं पुसून झिजली आहे, तिथे 'शिव' असावं. मागच्या बाजूला वर 'छत्र', खाली 'पति', आणि दोन्हींच्या मध्ये काळपट मळ घट्ट बसला आहे.

आजी दुसरीपर्यंत शिकली होती. ही अक्षरं मला पहिल्यांदा तिनंच वाचून दाखवली होती, माझं बोट धरून, एकेक अक्षर गिरवत. शेकडो वर्षांपूर्वी पाडलेलं नाणं आणि दुसरी शिकलेली बाई ते वाचते, हे तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. आता राहून राहून तेच आठवतं. आदिलशाही नाणं असतं, मोगली रुपया असता, तर त्यावरची फारसी ती वाचू शकली नसती. तिच्या पणजीलाही ते वाचता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी भाजी घेताना हातात विसाची हिरवट-पिवळी नोट आली आणि सवयीनं मागची बाजू पाहिली. डावीकडच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. मोजल्या. मराठी आठवी, नेमकी मधोमध, वर सात आणि खाली सात. 'वीस रुपये'. इतकी वर्षं नोटा हाताळते, पण ही ओळ मी मुद्दाम कधी वाचली नव्हती.

मला असं वाटायला लागलंय की पैशावरचं चित्र कुणाचंही असो, तो पैसा कुणाचा हे त्यावरची अक्षरं सांगतात. कुठली लिपी, कुठली भाषा, कुणाला वाचता यावी म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

आणि दोन घरगुती प्रश्न. तिसरी ओळ नक्की कशी वाचायची? आणि माझा भाचा अमेरिकेत असतो, दिवाळीला येतोय, त्याला पणजीची आठवण म्हणून हे नाणं हवंय. द्यावं का? तोवर चिंच लावून एकदा लख्ख करावं असा विचार आहे.

---

टाकसाळ (रविवार, रात्री ९.४२)

ताई, आधी चिंच खाली ठेवा! लिंबू, चिंच, पितांबरी, काहीही लावू नका. तांब्यावर आलेला तो काळा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं कवच आहे. ते गेलं की अक्षरांच्या कडा जातात. मी स्वतः कॉलेजात असताना चार शिवराया चिंचेनं घासून ठेवल्या होत्या. आज त्या नुसत्या लाल चकत्या आहेत. साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मऊ फडक्यानं टिपा, बस्स.

आता नाण्याबद्दल. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्या निमित्तानं सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी आली, दोन्हींवर तोच मजकूर, 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति', नागरीत. होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आज अतिशय दुर्मीळ. शिवराई मात्र घराघरांत सापडते, कारण ती महाराजांनंतर थांबली नाही. पुढे पेशवाईतही तांब्यावर हाच मजकूर पाडत राहिले आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात चालत होती. म्हणून घरातली प्रत्येक शिवराई रायगडची असं समजू नये. वजन करा. महाराजांच्या काळातली साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या घरात असते, नंतरच्या बऱ्याच हलक्या असतात.

अक्षरं अर्धवट का, तर ठसा मोठा आणि चकती लहान. चकती ऐरणीवरच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. प्रत्येक घाव वेगळा पडतो. संपूर्ण मजकूर एकाच नाण्यावर मिळणं हे नशीब. आणि ठसा कोरणारे अनेक होते, त्यामुळे 'शिव', 'सिव', 'सीव' असे सगळे प्रकार मिळतात. शुद्धलेखनाची चूक म्हणून त्याकडे पाहू नका, कोरणाऱ्यानं जसं ऐकलं तसं कोरलं.

तुमचं लिपीबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. हाच राजा राज्यकारभारातले फारसी शब्द काढून राज्यव्यवहारकोश करवून घेतो आणि हाच राजा संस्कृतात मुद्रा करवतो. नाण्यावरची नागरी ही त्याच विचाराची तिसरी खूण. फक्त एक भर घालतो. दक्षिणेत नागरी नाण्याची वाट आधीच पडलेली होती. विजयनगरच्या होनांवर 'श्री प्रताप कृष्णराय' असं नागरीतच आहे. होन हा शब्दच कन्नड 'होन्नु'वरून, म्हणजे सोनं. महाराजांनी ती दक्षिणी परंपरा उचलून सह्याद्रीत आणली.

---

तळटीप (रविवार, रात्री १०.२५)

धागा आवडला, पण एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. मराठ्यांचं राज्य अटकेपर्यंत पोचलं तेव्हा पुण्यात पाडला जाणारा चांदीचा रुपया कुणाच्या नावाचा होता? मोगल बादशहाच्या. फारसीत. अंकुशी रुपया हातात घेऊन बघा, एक छोटा अंकुश सोडला तर मराठी काहीही नाही. चांदवडच्या टाकसाळीतला चांदोरी रुपया, तोही बादशहाच्याच नावानं. मग 'अक्षरं सांगतात पैसा कुणाचा' या नियमानं अठराव्या शतकातला मराठ्यांचा पैसा दिल्लीचा ठरतो. हे मनाला लागतं, पण विचारलं पाहिजे.

---

टाकसाळ (रविवार, रात्री ११.१५)

तळटीप, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी यावर बरीच वर्षं विचार केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळी राजा असण्याच्या दोन खुणा होत्या. मशिदीतल्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात नाव आणि नाण्यावर नाव. म्हणूनच १६७४ ला स्वतःच्या नावाचं नाणं पाडणं ही केवढी मोठी गोष्ट होती! पण चांदीचा रुपया हा लांब पल्ल्याचा पैसा होता. पुण्याचा सावकार सुरतेला, बनारसला, बऱ्हाणपूरला हुंडी पाठवणार, तिथला सराफ तो रुपया घेणार. त्याच्या ओळखीचा ठसा दिल्लीचा. अनोळखी ठसा दिसला की तो बट्टा कापणार, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा कमी देणार. १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदाही बादशहाकडूनच घेतल्या होत्या, त्यामुळे राजकीय सोयही तीच होती. इंग्रजांनीही नेमकं हेच केलं. शाह आलम १८०६ मध्ये वारला, तरी कंपनीचे रुपये त्याच्याच नावानं निघत राहिले, बंगालच्या रुपयावर तर त्याच्या राज्यारोहणाचं १९ वं वर्ष जणू गोठून बसलं. १८३५ मध्ये कंपनीनं सगळ्या मुलखासाठी एकच रुपया केला, त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला, तेव्हा कुठे बादशहाचं नाव गेलं.

आता तांबं बघा. तांबं दूर जात नाही. मीठ, तेल, तंबाखू, पानसुपारी, मजुरी, देवळातली दक्षिणा, हा तांब्याचा व्यवहार, आणि तो गावात आणि आठवड्याच्या बाजारात होतो. त्या नाण्यावर मात्र पेशवाईतही 'श्री राजा शिव' राहिलं. महाराज जाऊन शंभर वर्षं झाली तरी! पेशव्यांनी आपलं नाव घातलं नाही, बादशहाचंही घातलं नाही. सावकाराच्या थैलीत दिल्लीचं नाव आणि कुणब्याच्या कनवटीला शिवाजी महाराजांचं. मला तरी यात मराठी माणसाच्या मनाचा कौल दिसतो. परक्या बाजारात जे चालतं ते चालवलं, आपल्या बाजारात आपलं ठेवलं.

महाराजांचा व्यवहारीपणाही याच जातीचा होता. राज्याभिषेकाच्या वेळी ऑक्झिंडेन इंग्रजांतर्फे रायगडावर आला, त्याच्या मागण्यांत कंपनीचं नाणं स्वराज्यात चालावं अशी एक होती. त्यावर महाराजांची भूमिका अशी होती की मी कुठलंच नाणं बंद करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते घ्या अशी सक्तीही करणार नाही. नाणं कसाला उतरलं की आपोआप चालेल.

---

सराफकट्टा (सोमवार, सकाळी ७.३०)

आमच्या घरात चार पिढ्या सराफी. 'बट्टा' वाचला आणि लिहावंसं वाटलं. नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, ते आमच्या पेढीवरून गेलेलं आहे. पोतदार, पारखी ही आडनावंही तिथलीच, नाणं पारखणारी माणसं. पणजोबा रुपया दगडावर टाकून आवाज ऐकायचे असं आजोबा सांगत. शुद्ध असेल तर लांब, स्वच्छ घुमतो. मिसळ असेल तर बसका. खणखणीत नाणं म्हणजे हेच. कडा पाडलेला कंपनीचा यंत्रावरचा रुपया तो कलदार, मोडलेला नाही तो बंदा रुपया, मग अधेली, पावली, चवली, खाली पैसा आणि पै. सोळा आण्यांचा रुपया १९५७ च्या १ एप्रिलला गेला, तरी गोष्ट अजून सोळा आणे खरी असते.

आणि एक, बायकांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ. ती पुतळी मूळची व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर त्यांचा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला त्यांचा राज्यप्रमुख. आपल्याकडे ते सोनं कसाला उत्तम म्हणून चाललं, मग इथल्या सोनारांनी तसेच ठसे केले. परक्या देशाचं राजचिन्ह आपल्याकडे सौभाग्याचा दागिना झालं. नाणं कुणाचं हे पाडणारा ठरवतो, पण वापरणाराही ठरवतो, असं मला माझ्या धंद्यातून दिसतं.

---

गोदातीर (सोमवार, दुपारी १.०५)

मी नाशिकरोडचा. वडील नोटांच्या प्रेसमध्ये छपाई खात्यात होते, आमचं बालपण क्वार्टर्समध्ये आणि प्रेसच्या भोंग्यावर गेलं. वडील घरी नोटांबद्दल अवाक्षर काढत नसत, शिस्तच तशी होती. पण नवी नोट बाजारात आली की ते ती उजेडात धरून इतका वेळ बघत बसायचे की आई हाक मारून थकायची. अंगठा हलकेच फिरवायचे. उठावदार छपाईची शाई कागदावर उभी राहते, ती बोटाला लागली पाहिजे.

आधी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. १९२८ पासून त्या नाशिकला छापायला लागल्या, पंचम जॉर्जच्या चित्राच्या. म्हणजे आपल्या देशाचा कागदी पैसा इथल्या माणसांच्या हातून निघू लागला तो गोदाकाठी, आणि त्यावर तोंड मात्र लंडनच्या राजाचं.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट अनेकांना माहीत नसते. राजाच्या जागी कोण, हा खरा प्रश्न होता. आधी महात्मा गांधींचं चित्र घ्यायचं ठरत होतं, तशी संकल्पचित्रंही तयार झाली होती. शेवटी एकमत सारनाथच्या सिंहांवर झालं. १९४९ ची एक रुपयाची नोट ही त्या सिंहांची पहिली नोट. नाणी बदलायला १५ ऑगस्ट १९५० उजाडला. रुपयावर वाघ होता, तो जाऊन धान्याची कणसं आली. आण्यावर बैल, पैशावर घोडा. नुकताच फाळणीतून आणि धान्यटंचाईतून बाहेर येणारा देश, त्यानं राजाचं डोकं आणि वाघ काढून कणीस आणि बैल ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि ताईंच्या अक्षरांच्या मुद्द्याला धरून सांगतो. १९५३ च्या सुमारास नोटांवर हिंदी ठळक झाली तेव्हा 'रुपया'चं अनेकवचन काय करायचं यावर वाद झाला होता. सुरुवातीच्या नोटांवर 'दो रुपया' आहे. पुढे 'रुपये' ठरलं. एका मात्रेसाठी देशानं विचार केला! माझ्याकडे 'दो रुपया' आणि 'दो रुपये' अशा दोन्ही नोटा आहेत, शेजारी शेजारी ठेवल्यात.

फाळणीच्या वेळी पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. १९४८ मध्ये नाशिकला छापलेल्या भारतीय नोटांवरच इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव छापून त्या तिकडे गेल्या.

---

उल्हासनगरी (सोमवार, रात्री ८.५०)

गोदातीर, तुम्ही शेवटी लिहिलेली नोट आमच्या घरात आहे.

आम्ही सिंधी. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं म्हणून इथे मराठीत लिहिते. आजोबा १९४८ च्या उन्हाळ्यात कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले आणि तिथून कल्याणच्या छावणीत आले. ती छावणी म्हणजेच आजचं उल्हासनगर. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एक रुपयाची एक नोट राहिली होती. तिच्यावर सहाव्या जॉर्जचा चेहरा, 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' अशी वरून छापलेली अक्षरं. ती नाशिकला छापलेली आहे हे मला आज तुमच्यामुळे कळलं. म्हणजे ती नोट जिथून निघाली तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवर परत येऊन थांबली. आजोबांनी ती कधी मोडायचा प्रयत्न केला नाही. इथे ती चाललीही नसती.

कृष्णाकाठची, तुमची आठवी ओळ वाचून आनंद झाला. मीही ती पट्टी लहानपणी मोजली होती, पण माझी ओळ तिथे नाही. सिंधी १९६७ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आहे, तरी नोटेवर नाही. अनुसूचीत आज २२ भाषा. नोटेवर पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी, मागे पंधरा. सिंधी, मणिपुरी, बोडो, डोगरी, मैथिली, संथाळी या सहा राहिल्या. सिंध नावाचा प्रांत आपल्या देशात नाही, पण राष्ट्रगीतात तो आहे. नोटेवरही एक ओळ असावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या आजीनं ती बोटानं वाचली असती.

---

कृष्णाकाठची (सोमवार, रात्री ९.१५)

उल्हासनगरी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. ओळ आठवी आहे म्हणून मी हरखले होते. ती मुळात असणं हीच केवढी गोष्ट आहे, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

---

साष्टीकार (सोमवार, रात्री १०.४०)

आमची ओळही सुरुवातीपासून नव्हती. आधी पट्टीत तेरा भाषा होत्या. १९९२ मध्ये कोंकणी आणि नेपाळी अनुसूचीत आल्या आणि मग नोटेवर आल्या. तेव्हा माझ्या वडिलांनी 'धा रुपया' अशी कोंकणी ओळ असलेली पहिली नोट मिळाल्यावर ती चतुर्थीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली ठेवली होती. शंभराची नोट बघा. मराठीत 'शंभर रुपये', कोंकणीत 'शंबर रुपया'. एकच लिपी, पण भ चा ब झाला आणि शेवट बदलला. वरवर बघणाऱ्याला वाटेल तेच दोनदा लिहिलंय. आम्हांला विचारा त्या एका अक्षरासाठी काय काय झालं ते. इथल्या मराठीप्रेमींना दुखवायचं नाही, माझं अर्धं वाचन मराठीत झालंय. पण आमच्या बोलीचा आवाज सरकारी कागदावर छापून आला, ते सुख वेगळं.

माझ्या आजीनं तीन तऱ्हांचा पैसा पाहिला. आधी गोव्यातला पोर्तुगीज रुपिया. मग १९५८-५९ ला लिस्बननं तो बदलून एस्कुदो आणला, सहा एस्कुदोंना एक रुपिया. त्या नोटांच्या किमती होत्या ३०, ६०, १००, ३००, ६००, १०००. तीस आणि साठची नोट कशाला? तीस म्हणजे जुने पाच रुपये, साठ म्हणजे दहा. नाव पोर्तुगालचं दिलं तरी हिशेब रुपयाचाच राहिला. १९ डिसेंबर १९६१ नंतर भारतीय रुपया आला, तेव्हा आजीला हिशेब नव्यानं शिकावा लागला नाही. ती मनातल्या मनात रुपयातच मोजत होती.

---

पिंपळपान (मंगळवार, सकाळी ६.५५)

नागपूरहून. लिपीबद्दल सगळे लिहिताहेत, मी चेहऱ्याबद्दल लिहितो. आमच्यासारख्यांसाठी चेहराही तितकाच मोठा आहे.

१९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त एक रुपयाचं नाणं निघालं. माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी सुट्ट्या पैशांत त्यांना ते मिळालं. घरी आल्यावर त्यांनी आधी हात धुतले आणि मग खिशातून नाणं काढून आईच्या हातावर ठेवलं. ज्या आजोबांना गावात दुकानदार पैसे हातात द्यायचा नाही, वरून टाकायचा, त्यांच्या मुलाच्या हातात आता देशाचा रुपया होता आणि त्यावर बाबासाहेब होते. ते नाणं आमच्या घरात दीक्षाभूमीच्या फोटोच्या चौकटीत बसवलेलं आहे. त्याची किंमत एक रुपया असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण ते कुणाला देणारही नाही.

बाबासाहेबांचं रुपयाशी नातं फक्त चित्रापुरतं नाही, हेही लिहून ठेवतो. लंडनला त्यांनी प्रबंध लिहिला तोच मुळी रुपयाच्या प्रश्नावर, १९२३ मध्ये तो छापून आला. पुढे भारताच्या चलनाचा विचार करायला आलेल्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच कमिशनच्या शिफारशींतून रिझर्व्ह बँकेची कल्पना पुढे आली आणि १ एप्रिल १९३५ ला ती सुरू झाली.

आमच्या विदर्भाचं आणखी एक. १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या नोटा निघाल्या. त्यांवर गांधीजी बसलेले आहेत आणि मागे सेवाग्रामची कुटी आहे. वर्ध्याजवळचं ते मातीचं, कौलारू घर. नोटेवर नंतर लाल किल्ला आला, सांची आली, पण त्या मातीच्या घराइतकं साधं घर पुन्हा आलं नाही.

---

पोर्टलुईस (मंगळवार, दुपारी ३.२०)

नोकरीनिमित्त सात वर्षं मॉरिशसला आहे. इथे ओळींचा क्रम किती नाजूक असतो ते सांगते. इथल्या रुपयाच्या नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी असतात. १९९८ मध्ये नव्या नोटा काढताना हिंदी वर गेली, तमिळ खाली. पूर्वी तमिळ वर होती. तमिळ समाज रस्त्यावर आला, सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी जुन्या क्रमानं पुन्हा छापाव्या लागल्या. इथल्या मराठी मंडळींच्या घरात देवनागरी वाचता येते, म्हणून हिंदीची ती ओळ त्यांनाही आपलीशी वाटते. पण माझ्या शेजारच्या तमिळ आजी नोट हातात घेऊन आपल्या अक्षरांवर बोट ठेवून दाखवायच्या, तेव्हा तो वाद कशासाठी होता हे मला समजलं.

---

तळटीप (मंगळवार, रात्री ९.३०)

सगळं वाचून काढलं. टाकसाळ यांचं तांब्या-चांदीचं उत्तर मला मान्य आहे. मी अंकुशी रुपयाकडे एकट्यानं बघत होतो, शिवराई शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

एक निरीक्षण. युरोच्या नोटांवर कमानी, खिडक्या, पूल आहेत, पण ते कुठलेच खरे नाहीत. एका देशाची वास्तू घेतली की दुसरा नाराज, म्हणून काल्पनिक काढले. आपल्यालाही तो मार्ग सोपा होता. त्याऐवजी आपण कोणार्कचं चाक, हंपीचा रथ, राणी की वाव आणि विसाच्या नोटेवर वेरूळ अशी खरी जागा घेतली. वेरूळला मी दर दोन वर्षांनी जातो. वरून खाली खोदत आणलेलं कैलास लेणं, त्याच्या पायथ्याशी शेंगा विकणाऱ्या मावशींनी मला सुट्टे म्हणून वेरूळचीच नोट दिली होती. ती अजून मोडलेली नाही.

कृष्णाकाठची, भाच्याला नाणं देण्याबद्दल कुणी बोललंच नाही. देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात येतात, खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर पोराची अडचण होईल, आणि नाणं हातचं जाईल.

---

टाकसाळ (मंगळवार, रात्री ९.४८)

तळटीप यांना पूर्ण दुजोरा. ताई, भाचा आला की त्याला नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेतलं संग्रहालय किंवा फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय दाखवा. आणि घरच्या नाण्याचा पेन्सिलनं ठसा काढून द्या. पातळ कागद नाण्यावर ताणून धरायचा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. शाळेत आपण सगळ्यांनी केलेला खेळ. नाण्याला इजा होत नाही आणि पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारी रेघ कागदावर येते.

---

कृष्णाकाठची (आठ दिवसांनी, बुधवार, रात्री १०.०५)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. भाचा आला आणि गेलाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे नाणं दोन रात्री पाण्यात ठेवलं. मळ थोडा सुटला. ओळखीच्या सोनारांकडे वजन केलं, ९ ग्रॅम ६०० मिलिग्रॅम भरलं. म्हणजे हलकं. मग जेवणाच्या टेबलावर मी आणि भाच्यानं मिळून ठसा काढला. आधी पुढची बाजू. 'श्री' अर्धाच आला, 'राजा' आला, आणि तिसऱ्या ओळीत 'स', त्याला वेलांटी, आणि 'व'. 'सिव'. भाचा म्हणाला, "मावशी, हे तर पणजी जसं बोलायची तसंच लिहिलंय." खरंच, आजी 'सिवाजी म्हाराज' असंच म्हणायची. माझ्या ते ध्यानातही नव्हतं.

मग मागची बाजू. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये जिथे मळ होता, तिथे कागदावर दोन आडव्या रेघा उठल्या, स्वच्छ, समांतर.

---

टाकसाळ (बुधवार, रात्री १०.११)

दुदांडी! त्या दोन रेघा म्हणजेच दोन दांड्या. ही दुदांडी शिवराई आहे ताई, पेशवाईतली. वजनही जुळतं. रायगडची नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

---

कृष्णाकाठची (बुधवार, रात्री १०.२६)

वाईट वाटलं नाही. तुम्ही वर लिहिलंय ना, महाराज जाऊन शंभर वर्षं झाली तरी तांब्यावर त्यांचंच नाव राहिलं. तेच नाणं आमच्या देवघरात होतं.

दोन्ही बाजूंचे ठसे एकाच कागदावर घेतले. भाच्यानं खाली आजीचं नाव लिहिलं आणि कागद घडी न घालता वहीच्या पुठ्ठ्यात सरकवून हातातल्या पिशवीत नेला. जाताना विसाची एक नोटही मागून घेतली, आठवी ओळ त्याच्या मुलीला दाखवायची म्हणून. ती आता अक्षरं लावून वाचायला लागली आहे.

नाणं पुन्हा ताम्हनात आहे. गंध मात्र आता शेजारच्या बाळकृष्णालाच लावते.